दाजींची सक्तीची विश्रांती

आमच्या दाजींइतका बेशिस्त रोगी गोदावरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. दाजी म्हणजे ताईचे यजमान, दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. ट्रॅक्टरवरून पडून मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि दवाखाना जवळ म्हणून ताईसह ते नाशिकला आमच्या फ्लॅटमध्ये आले. दोन महिने पाय टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोंडाबद्दल ते काही बोलले नव्हते, आणि दाजींनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. सकाळी सहाला व्हिडिओ कॉलवर बाग हजर! मुलगा संदीप फोन घेऊन ओळीओळीतून फिरायचा आणि पलंगावरून हुकूम सुटायचे. 'पान उलटं कर! आरं, खालून दाखव!' या आरोळीने आमच्या पोळ्यावाल्या बाईंनी एकदा कच्चीच पोळी उलटली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला त्यांनी सुनावलं, 'पोरी, मोडलेली फांदी आम्ही बांधून ठिवतो, हलवत नाय.' बरं, मग आराम तरी करा म्हटलं, तर, 'येल आराम करती ती माल निघाल्यावर. माझा माल निघायचाय अजून.'

खरा जीव अडकला होता तो ऑक्टोबरच्या छाटणीत. छाटताना काडीवर किती डोळे, म्हणजे फुटव्याच्या जागा, ठेवायचे यावर अख्ख्या वर्षाचं पीक ठरतं, आणि पंचवीस वर्षं ते दाजींशिवाय कुणी ठरवलं नव्हतं. छाटणीच्या आदल्या दुपारी आमची डुलकी साधून ते वॉकर धरून, एका पायावर उड्या मारत, लिफ्टने खाली उतरले. वॉचमनने पकडलं तेव्हा भाजीच्या टेम्पोवाल्याला दिंडोरीला चलण्याची गळ घालत होते. ताईने रागारागाने वॉकरच लपवला.

शेवटी छाटणी संदीपने स्वतःच्या अंदाजाने केली. पंधरा दिवसांनी वेलींची नवी फूट दाखवायला त्याने फोन लावला. बागभर सारखी, टपोरी फूट. दाजींनी चष्मा पुसला, चार ओळी पुन्हा फिरून दाखवायला लावल्या. चूक काही सापडेना.

'दादा, काय चुकलं का?' संदीपने बापाला भीत भीत विचारलं.

'नाय. बराबर हाय,' म्हणाले आणि फोन माझ्या हातात देऊन भिंतीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी फोन लावला नाही. व्यायामाच्या मुलीने सांगितलं तसा निमूट पाय उचलला. शांततेसाठी मी महिनाभर देवाला साकडं घातलं होतं. ती मिळाली आणि घर खायला उठलं. मुलगी गेल्यावर दाजी हळूच म्हणाले, 'डॉक्टरला इचार ना, अजून महिनाभर हितंच ऱ्हायलो तर पायाला बरंच ना?'

'राहा की दाजी,' मी म्हणालो. पाय तोवर चांगला सुधारला होता. आजारी मात्र ते मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले.