गिरणीच्या भिंतीवरचा बास

आमच्या घरात भुतांची सोय नव्हती. छप्पन्न सालच्या धर्मांतरात आजोबांनी देव्हाऱ्यातले देव पंचगंगेत सोडले, त्यांच्याबरोबर भुतंही वाहून गेली, असं वडील सांगायचे. शेजाऱ्यांचं त्या मानानं बरं होतं. कुणाच्या घरात भांडं आपोआप पडलं, कुणाची सून तिन्हीसांजेला घुमायला लागली, की त्यांच्याकडे नाव तयार असे आणि पत्ताही. आम्हाला मात्र प्रत्येक वेळी कारण शोधावं लागायचं.

वडील फौंड्रीत होते. साच्यातून निघालेल्या लोखंडी मालाच्या कडा घासायचं काम. तीस वर्षं ते ग्राइंडरशेजारी उभे राहिले, त्यात त्यांचे कान गेले, आधी थोडे, मग पूर्ण. आई त्यानंतर सात-आठ वर्षांनी गेली. तिला काम करताना तोंड मिटून गुणगुणायची सवय होती. शब्द नसत, गाणं कोणतं ते कळत नसे, मध्येच थांबून दम घ्यायची आणि पुन्हा तिथूनच धरायची. शेवटची सात-आठ वर्षं वडिलांना त्यातलं काहीही ऐकू आलं नाही. तिला ते माहीत होतं. तरी ती त्यांच्या कॉटशेजारी बसून वाकळ शिवायची आणि गुणगुणायची.

आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच राहिलो. पुढे वडील फौंड्रीतून निवृत्त झाले आणि दिवसभर घरीच असायचे. मी पाटीवर लिहायचो, ते वाचायचे आणि मोठ्यानं बोलायचे. पाटी पुसायचं काम माझं.

मी दिवसा कचेरीत कारकून होतो आणि सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोल्हापुरात गल्लीला एक तालीम आणि दोन गल्ल्यांना मिळून एक ऑर्केस्ट्रा होता. आमच्या प्रमुखांनी स्वतःला ‘सूरमहर्षी’ ही पदवी दिली होती. ती देण्याचा समारंभही त्यांनीच घेतला होता. निवेदकानं तीनदा नाव पुकारल्याशिवाय ते स्टेजवर पाऊल ठेवत नसत. पहिल्या दोन वेळी ते पडद्यामागे उभे राहून केसांना हात लावत.

त्यांच्याकडचा बास ज्याचा होता त्यानं परत नेला, तेव्हा मला स्वतःचा घेणं भाग पडलं. शाहूपुरीतल्या एका वाद्यांच्या दुकानात हार्मोनियमच्या रांगेमागे तो मिळाला. गिटारसारखं पोकळ पोट, पण अंगानं थोराड. चार जाड तारा, कडेला चौकोनी सेलचा खण आणि वायर खुपसायचं भोक.

“पावणं, इजेवरबी वाजतोय, इजेबिगारबी वाजतोय,” दुकानदार म्हणाला.

प्रत्यक्षात तो दोन्ही प्रकारे वाजत नव्हता. म्हणून तर मला परवडला. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पोटापासून सुटून आली होती, मान वाकली होती, आणि खणात फुटलेल्या सेलचा हिरवा बुरा साठला होता. आधीचा मालक कोण, असं विचारल्यावर दुकानदारानं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

कोल्हापुरात बास दुरुस्त करणारा कुणी मला सापडला नाही. तेव्हा चादरीत गुंडाळून एसटीनं जयसिंगपूरवरून मिरजेला गेलो. तिथं तंबोरे करणारे एक म्हातारे कारागीर होते. त्यांनी बासच्या पोटावर टिचकी मारली, कान लावला, आणि मला पंधरा दिवसांनी या म्हणून सांगितलं.

पंधरा दिवसांनी मान सरळ झाली होती, घोडी पक्की बसली होती. त्यांनी एक तार छेडली आणि मी दचकलो. आवाज थांबेचना. खालून काहीतरी उमलत, पसरत, भिंतीला टेकून परत येत होतं.

“चाचा, हे काय केलंत?”

“जवारी काढली,” ते म्हणाले. जन्मभर त्यांनी तंबोऱ्यांना केलं तेच याला केलं होतं. घोडीवरचं, तारेखालचं हाड कानसीनं असं घासलं होतं की थरथरती तार त्याला जेमतेम शिवत राहावी, आणि प्रत्येक तारेखाली सुताचा एक धागा सरकवला होता. तंबोऱ्याचा आवाज मागं रेंगाळतो तो यामुळेच.

“पण बासनं ठप वाजून गप्प बसायचं असतं.”

“गपच बसायचं तर वाद्य कशाला घेतलंसा?” असं म्हणून त्यांनी चादर माझ्या हातात दिली.

ऑर्केस्ट्राच्या तालमीत सूरमहर्षींनी एक कडवं ऐकलं आणि हात वर केला. “बासमध्ये भुंगा शिरलाय. गणपतीच्या आत काढा. नाहीतर बास वाजवायला कीबोर्डवाल्याचा डावा हात मोकळाच असतोय.”

घरी मी बास खुंटीला अडकवला. आमच्या एका खोलीच्या घरात खुंटी मारण्याजोगी भिंत एकच होती, आणि तिच्या पलीकडे पिठाची गिरण होती. वडिलांची लोखंडी कॉट त्याच भिंतीला टेकलेली.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. वडिलांचा भाकरी मोडणारा हात थांबला.

“कोण हाय घरात?”

मी मान हलवली. कुणी नाही.

“मग गुणगुणतंय कोण?”

मला गिरणीच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पण वडिलांनी कित्येक वर्षांत ऐकण्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, त्यामुळे मी उठलो. ते कॉटवर बसून जेवत होते, पाठ भिंतीला लावून. वर बासची सर्वांत जाड तार हलत होती. इतकी बारीक की एकीच्या दोन दिसत होत्या. कान पोटाला लावला तेव्हा आत ते रेंगाळणारं काहीतरी चाललेलं होतं. मी तारेवर तळवा ठेवला.

“थांबलं,” वडील म्हणाले. माझा हात त्यांच्या डोक्याच्या वर होता, त्यांना तो दिसत नव्हता.

तळवा काढला. “आलं बघ.”

मी पाटी घेतली. लिहिलं : गिरणीच्या मोटरनं भिंत हलते. भिंतीनं तार हलते. ते तुमच्या पाठीतून ऐकू येतंय.

त्यांनी दोनदा वाचलं. चेहरा सैल पडला. “म्हंजे कारण हाय.”

हाय, मी मान डोलावली.

“मग वाजू दे,” म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

त्यानंतर जेवण झालं की ते भिंतीला पाठ लावून बसायचे. काही दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की ते बसण्याआधी केस विंचरतात. मग एकदा गिरणीच्या मालकिणीनं मला दारात गाठलं. ती बाई सरळ होती, तिच्या पोटात काही राहत नसे.

“दुपारी कोण येतंय वं तुमच्यात?”

“कुणी नाही. मी कचेरीत असतो.”

“तुमचं वडील बोलत असत्यात की. आज म्हणत हुतं, डाळीत मीठ ज्यादा झालंय. परवा म्हणाले, चष्मा कुठं ठेवलायस. आणि मग गप ऱ्हात्यात. दुसऱ्यानं बोलावं एवढा येळ.”

“बहिऱ्या माणसाला मोठ्यानं विचार करायची सवय असते.”

“वाडीला घिऊन जावा त्यास्नी एकदा. नरसोबा समदं मोकळं करतोय.”

“आम्ही तसलं मानत नाही, मावशी.”

“तुमी मानत न्हाय ते म्हाईत हाय की मला,” ती पिठाचे हात झटकत म्हणाली, “पर जे येतंय त्याला म्हाईत हाय का?”

मी हसलो. घरात आल्यावर मात्र मी डाळ चाखून बघितली. मीठ खरंच जास्त होतं. ते मीच टाकलं होतं हेही खरं.

गणपती जवळ आले. शाहूपुरीत एक रेडिओ दुरुस्त करणारा होता, त्याला मुंबईहून सुटे भाग मागवून घ्यायची हौस होती. त्यानं बासच्या पोटात आवाज वाढवणारा नवा प्रीअँप बसवला, हाडाखालची जुनी पट्टी काढून तारेची थरथर टिपणारं नवं पिकअप घातलं, आणि हाडाच्या जागी कारखान्याची सरळ प्लॅस्टिकची पट्टी बसवली. धागे उपटून फेकले. घासलेलं हाड त्यानं मला काडेपेटीत घालून दिलं, दाताच्या डॉक्टरनं दात द्यावा तसं. आता बास ठप वाजून गप्प बसत होता. सूरमहर्षींनी स्टेजवरून माझ्याकडे बघून मान डोलावली. एरवी हा मान फक्त आमदारांना मिळे.

बास घरी परत खुंटीला लागला. वडील चार दिवस जेवून भिंतीला पाठ लावून बसले. कधी डावा खांदा टेकवून बघत, कधी उजवा. पाचव्या दिवशी मी कचेरीतून आलो तर कॉट भिंतीपासून हातभर लांब ओढलेली. केस विस्कटलेले.

“गिरण बंद पडली व्हय?”

मी लिहिलं : चालू आहे.

“मग?”

लिहिलं : बासचं काम करून घेतलं. आवाज सुधारला.

“कुणासाठी?”

याचं उत्तर पाटीवर मावणारं होतं, पण मी लिहिलं नाही. त्यांनी जेवण अर्धं टाकलं. दुसऱ्या दिवशीही. बायको गेल्यावर हा माणूस तिसऱ्या दिवशी कामावर गेला होता आणि सांत्वनाला आलेल्यांना त्यानं अनित्यतेवर दोन शब्द ऐकवले होते. आता तो ताटाकडे बघत बसायचा. आठवडा झाल्यावर विचारलं, “जुनं हाय का टाकलंस?”

मी काडेपेटी दाखवली. त्यांनी हाड तळहातावर घेतलं, अंगठ्यानं त्याचा उतार चाचपला. आयुष्यभर लोखंड घासलेला अंगठा. “मन लावून घासलंय,” म्हणाले. आणि काडेपेटी माझ्याकडे परत केली. एवढंच. मागणं असं त्यांनी कधी केलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी तारा सोडल्या, प्लॅस्टिकची पट्टी काढली आणि नव्या पिकअपवर ते हाड बसवलं. पण जवारी लागेना. रिळाचा दोरा बारीक पडत होता, सुतळी जाड. वडील कॉटवरून बघत होते. ते उठले, अंगावरच्या वाकळीची कड दिव्याखाली धरली, आणि आईनं घातलेल्या टाक्यांतला एक धागा ओढून काढला. दातानं त्याचे चार तुकडे केले. मी ते तारांखाली सरकवले. चौथ्या तारेला आवाज उघडला.

कॉट पुन्हा भिंतीला लागली. कीबोर्डवाल्याचा डावा हात कामाला लागला आणि माझे रविवार मोकळे झाले.

त्यानंतर महिन्याभरात गिरणवाले गावच्या जत्रेला गेले. शटर खाली, ओट्यावर एरवी रांगेत मांडलेले दळणाचे डबे नाहीत. रविवारची भरदुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नव्या पिकअपवर जुनं हाड कसं चालतंय ते बघावं म्हणून मी बास खुंटीवरून न काढताच त्याला वायर लावली आणि अँप सुरू केला. वडील भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते.

स्पीकरमधून गुणगुणणं आलं.

गिरणीच्या घरघरीसारखं ते एकसुरी नव्हतं. चढत होतं, उतरत होतं, मध्येच थांबून दम घेत होतं आणि पुन्हा तिथूनच धरत होतं. मी तारांकडे बघितलं. त्या स्थिर दिसत होत्या. मी एक पाऊल मागे सरलो, आणि लगेच मला उलगडा झाला. वडील! बहिऱ्या माणसाला आपण गुणगुणतोय हे कसं कळणार? ते तोंड मिटून गुणगुणत असणार, छातीतून पाठीत, पाठीतून भिंतीत, भिंतीतून बासच्या पोटात. नवं पिकअप चांगलंच तिखट होतं. इतक्या महिन्यांचा सगळा हिशोब जुळला. मला इतकं हलकं वाटलं की मी पाटी उचलून लिहायलाच बसलो.

वडिलांनी डोळे उघडले, कॉटखालचा तांब्या घेतला आणि तोंडाला लावला. ते घटाघटा पाणी पीत होते. गळ्याची घाटी खालीवर होत होती.

गुणगुणणं चालूच होतं. त्यांचे घोट चालू असताना ते एकदा थांबलं, दम घेतला, आणि पुन्हा लागलं.

पाणी पिताना माणसाला गुणगुणता येत नाही. मी नंतर करून बघितलं.

त्यांनी तांब्या खाली ठेवला, पंच्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. खडू माझ्या हातात तसाच होता.

“गिरण चालू हाय न्हवं?” त्यांनी विचारलं.

दार उघडं होतं. कॉटवरून गिरणीचा ओटा दिसायचा, तो रिकामा होता. आणि तीस वर्षं यंत्राशेजारी उभा राहिलेला माणूस भिंतीला पाठ लावून बसला होता. पलीकडे यंत्र चालू आहे की बंद, हे त्याला माझ्याकडून कळायची काहीच गरज नव्हती. तरी ते पाटीकडे बघत राहिले. कारण मिळाल्याशिवाय त्यांना ते ऐकता आलं नसतं.

मी लिहिलं : चालू आहे.

त्यांनी वाचलं. दोन शब्दांना लागतो त्याहून बराच जास्त वेळ वाचलं. एकदा रिकाम्या ओट्याकडे नजर टाकली. मग पाटी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या तळव्यानं स्वच्छ पुसली.

“मग वाजू दे,” म्हणाले. उशाखालून फणी काढली, केस विंचरले, आणि शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा सोडून कॉटवर सरकून बसले.