गळतीमास्तरांच्या डोक्यावर गवत

गळतीमास्तरांनी आयुष्यात एकाही मुलाला बाराखडी शिकवली नाही. ते मास्तर झाले ते निव्वळ तोंडामुळे. धंदा गळक्या छतांचा. स्लॅबवर चढायचं, भेगा शोधायच्या, वॉटरप्रूफिंगचा थर घालायचा आणि खाली उतरून घरमालकाला पाण्याच्या स्वभावावर व्याख्यान द्यायचं. व्याख्यान फुकट असे, पण टाळता येत नसे. "पाणी म्हणजे चोर," ते सांगत. "दारातून येत नाही ते. तुम्ही ज्या कोपऱ्याकडे कधी ढुंकून बघत नाही ना, तिथून येतं." घरमालक मान डोलवत आणि मनात म्हणत, बाबा रे, आता निघ.

कुणाच्याही घरी गेले की मास्तर माणसांकडे नंतर बघत, आधी वर. एकदा आजारी दोस्ताला भेटायला गेले आणि त्याच्या उशाशी बसून छताकडे टक लावून राहिले. दोस्ताला वाटलं, आपली वेळ भरली, याला काहीतरी दिसतंय. मास्तरांनी त्याचा हात हळूच दाबला आणि म्हणाले, "पंख्याच्या मागे ओल आहे." दोस्त त्या दुखण्यातून उठला, पण मास्तरांना त्यानं पुन्हा घरी बोलावलं नाही.

छत कसं असावं याबद्दल त्यांचं मत ठाम होतं. छत स्वच्छ असावं, उतार असलेलं असावं आणि त्यावर काहीही उगवलेलं नसावं. आपल्या डोक्यालाही त्यांनी हाच नियम लावला होता, म्हणजे नियतीनं लावला होता आणि त्यांनी तो मान्य केला होता. कुणी गच्चीवर तुळशीची कुंडी जरी ठेवली तरी ते काम अर्धवट सोडून खाली येत. "मुळं येतात," एवढंच म्हणत, जसं दुसरं कुणी "पोलीस येतात" म्हणेल.

अशा माणसाच्या पोटी छतावर गवत लावणारी मुलगी जन्माला आली. एकुलती एक. दुसऱ्या शहरात राहून ती बागकाम शिकली, मग इमारतींच्या माथ्यावर हिरवळ बसवण्याचं काम शिकली आणि स्वतःचा धंदा काढायला घरी परतली. लोकांना कल्पना आवडायची. उन्हात तापणारी घरं गार होणार, कुणाला नको? पण बोलणं संपता संपता प्रत्येक जण तोच प्रश्न विचारायचा, "तुमच्या वडिलांच्या छतावर आहे का हो?"

नव्हतं. मग लोक म्हणायचे, "गळतीमास्तरांना चालत नाही ते आमच्या डोक्यावर कशाला?"

बापाची इतकी पत होती की लेकीचा धंदा तिच्याखाली चिरडला जात होता. शेवटी तिनं सांगून टाकलं, "बाबा, दाखवायला एक छत नसेल तर मला कुणी काम देणार नाही. मग मी परत जाते. तिकडे रोपवाटिकेत नोकरी आहे."

मास्तरांना लेक जायला नको होती आणि छतावर मातीही नको होती. निकाल लावला तो बायकोनं. वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत उन्हाळ्यामागून उन्हाळे ती भाजून निघाली होती.

"जगाची छतं सांभाळलीत, माझी भट्टी तशीच," ती म्हणाली. "पोरीला छत द्या. नाहीतर मी खालच्या खोलीत झोपते, तुम्ही वर बसा शेकत."

मास्तरांनी अटी घातल्या. खालचा थर ते स्वतः घालणार. त्यावर पाणी तुंबवून ठेवायचं आणि खाली एक ठिपका जरी दिसला तरी सगळं रद्द. लेकीनं मान्य केलं. मास्तरांनी असा थर घातला की जन्मात घातला नसेल. कोपरे गोल केले, कठड्यावर वीतभर चढवला, पाइपाच्या तोंडाशी तर लहान बाळाला गुंडाळावं तसं गुंडाळलं. मग गच्चीचं तळं केलं. मास्तर खाली पलंगावर उताणे पडून छताकडे बघत राहिले. छत कोरडं ठणठणीत. त्यांना आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं.

मग लेकीनं आपलं काम मांडलं. सगळ्यात खाली मुळांना भेदता येणार नाही अशी जाड चादर. तिच्यावर अंड्यांच्या ट्रेसारखे खळगे असलेलं प्लास्टिक, जादा पाणी निघून जायला. त्यावर कापड, कापडावर हलकी, भुसभुशीत माती आणि मातीत गवत व जाड पानांची बुटकी रोपं. कठड्याच्या कडेनं खडी. थोड्याच दिवसांत गच्ची हिरवीगार झाली आणि खालची खोली खरंच गार पडली. बायको भर दुपारी पंखा बंद करून घोरायला लागली. इतकी वर्षं संसार करून ही बाई घोरते हे मास्तरांना पहिल्यांदाच कळलं.

सगळं छान चाललं होतं. म्हणूनच मास्तरांना चैन पडेना.

पूर्वी छत दिसायचं. आता त्यावर गवताची गोधडी आणि खाली काय शिजतंय कुणास ठाऊक! उजाडलं की बायकोला "जरा हवा खाऊन येतो" म्हणून ते वर जायचे. बरोबर एक बारीक, लांब सळई. ती मातीत खुपसायची, बाहेर काढायची, टोकाला बोट लावून बघायचं, खाली पाणी साचलंय का. नाही साचलं. बरं. मग दोन पावलं पुढे. सळई खालच्या प्लास्टिकवर जाऊन थांबते असा त्यांचा समज. सळईला नीट जाता यावं म्हणून ते तिचं टोक दगडावर घासूनही ठेवत. इतक्या टोकदार सळईला कुठे थांबायचं ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

बायकोनं एकदा हटकलं. "रोज कसली हवा खाता हो? हवेनं गुडघे मातीचे होतात का?"

"तुला छतातलं काय कळतं?" मास्तर म्हणाले.

"मला नाही कळत. पोरीला कळतं. तिचं तिला करू द्या."

अशात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीला गाठलं. त्यांचा दवाखाना म्हणजे सपाट छताची बैठी इमारत, दुपारी पेशंट दातांपेक्षा उकाड्यानं कण्हत. त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि लेकीनं पहिल्यांदा ताठ मानेनं सांगितलं, "आहे. येऊन बघा. वरून बघा आणि खालूनही." दिवस ठरला. हे काम मिळालं तर ती राहणार, नाहीतर रोपवाटिका. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात जोराचा पाऊस झाला आणि मास्तरांच्या पलंगाच्या बरोबर वर ओलीचा डाग उमटला. बशीएवढा, कडेला पिवळा.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण खोटं कशाला बोला, त्या माणसाला थोड्या गुदगुल्याही झाल्या. "मी म्हटलं नव्हतं?" हे जगातलं सगळ्यात गोड वाक्य त्यांच्या जिभेवर येऊन बसलं. त्यांचा थर गळणं शक्य नव्हतं, म्हणजे मुळंच. लेक बाहेर गेलेली बघून ते वर गेले, डागाच्या वरचं गवत अलगद उचललं, माती बाजूला केली आणि मूळ शोधू लागले. अगदी मन लावून शोधलं. बारीकसुद्धा मूळ चादरीखाली गेलेलं नव्हतं.

भोकं होती, चादरीतून थेट त्यांच्या थरात गेलेली. सरळ रांगेत, दोन दोन पावलांवर. अशी नेटकी रांग आणखी कुणाची असणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मास्तर तिथेच मातीत बसले. मग गवत होतं तसं लावलं, खाली आले आणि डागावर पांढरा रंग फासला.

बायको दारात उभी राहून बघत होती. "रंगानं ओल जात असती," ती म्हणाली, "तर तुम्ही पेंटर नसता का झाला?"

"तिला सांगू नकोस," मास्तर म्हणाले.

"मी कशाला सांगू? तोंड तुम्हाला काय कमी आहे?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. गच्ची बघून खूश झाल्या, चप्पल काढून गवतावर चालल्यासुद्धा. "आता खालची खोली," लेक म्हणाली. मास्तर आडवे आले. खोलीत पसारा आहे, म्हणाले. लेकीनं ऐकलं नाही. मग म्हणाले, बायको झोपली आहे. बायको त्यांच्या शेजारीच उभी होती.

खोलीत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. मास्तरांच्या रंगानं एकच काम केलं होतं: बाकीच्या मळक्या छतात ती एवढी जागा कशी उठून दिसत होती. आणि मधोमध पिवळी कड पुन्हा डोकं वर काढत होती.

लेकीचा चेहरा पडला. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "ही ओल आहे. बाबांचा थर गळत नाही, तेव्हा चूक माझी. मुळं असतील. मला शोधावं लागेल. तोवर तुम्ही मला काम देऊ नका."

मास्तरांना हवं ते सगळं ताटात वाढून आलं होतं. जिभेवर बसलेलं गोड वाक्य फक्त सोडायचं होतं. बायको त्यांच्याकडे बघत होती, पण तिनं बघितलं नसतं तरी चाललं असतं. पोर त्यांच्या कामाची ग्वाही देऊन स्वतःचा धंदा मोडायला निघाली होती, हे त्यांना सहन झालं नाही.

"मुळं नाहीत," ते म्हणाले. "भोकं आहेत. मी पाडलीत."

"काय?"

"रोज सळई खुपसून बघत होतो. पाणी शिरलं का म्हणून."

डॉक्टरीणबाईंना असं हसू फुटलं की त्यांना पलंगावर बसावं लागलं. "माझ्याकडे येतात ना असे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "चांगला दात, दुखत नाही, खुपत नाही. पण रोज टाचणीनं कोरून बघणार, कीड लागली का! शेवटी लागते."

लेक हसली नाही. "माझ्यावर विश्वास नव्हता तर छत द्यायचंच कशाला?"

"तुझ्यावर आहे गं. पाण्यावर नाही."

"पाण्यानं काय केलं, बाबा? ते बिचारं वरच थांबलं होतं."

ज्यांनी गावभर पाण्याला चोर ठरवलं, त्यांना आपल्याच घरात चोर सापडला होता आणि तो टकला होता.

डॉक्टरीणबाईंनी काम दिलं. जी बाई आपली चूक समजून स्वतःचं काम सोडायला निघते तिच्यावर माझा भरवसा आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. अट एकच घातली: गवत बसलं की मास्तरांनी त्यांच्या छतावर पाय ठेवायचा नाही. गल्लीत बातमी पोचायला संध्याकाळ पुरली. पुढे कितीतरी दिवस लोक मास्तरांना विचारत, "काय मास्तर, आज कुणाचं छत भोसकलं?" मास्तर ऐकून घेत. त्यांना दुसरा इलाज नव्हता.

दवाखान्याचं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी लेक त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "खालचा थर तुम्ही घालायचा," ती म्हणाली.

"मी? आता?"

"मग कोण? दुसऱ्या कुणाच्या कामावर मी माती टाकणार नाही."

मास्तरांनी थर घातला. तोंडातून एक शब्द न काढता घातला, हीच मोठी बातमी. संपल्यावर हात पुसत म्हणाले, "आता पाणी तुंबव. खाली जाऊन नीट बघ."

"तुम्ही घातलाय ना? मग मला काय बघायचंय?"

"अगं, बघ म्हणतो ना!" मास्तर ओरडले आणि ओरडता ओरडता त्यांचा आवाज चिरकला. "माझ्यावर असा विश्वास ठेवू नकोस. बघ!"

"तुमच्या समाधानासाठी सोडते पाणी," ती म्हणाली आणि नळ सोडून कठड्याच्या सावलीत केळं सोलत बसली.

तेव्हा मास्तर एकटेच खाली गेले. दवाखाना बंद होता, म्हणून ते दात काढायच्या खुर्चीत उताणे पडले आणि छताकडे बघत राहिले. छत कोरडं होतं. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की पोर एकदाही खाली डोकावली नाही, आणि त्या मोठ्या खुर्चीत पडल्या पडल्या त्यांना रडू आलं.