कासिमसाहेबांचा अस्सल रुपया

आमच्या सात पिढ्यांत चोर एकच निघाला, आणि तो मी. चोरलं काय? एक खोटा रुपया!

आमच्या आप्पांना खोटी नाणी जमवायचा नाद होता. निजामाच्या खजिन्यात नाणी पारखण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. आप्पा हैदराबादेत नामपल्लीकडच्या भंगारवाल्यांकडे जाऊन निजामाच्या 'हाली' चलनाचे जुने नकली रुपये शोधत. (आई म्हणायची, "खरे आणायचे सोडून!") जोडीला त्यांचे खजिन्यातले दोस्त कासिमसाहेब. दर शुक्रवारी नमाज उरकून ते बरकतपुऱ्यात आमच्याकडे येत आणि एकेका नाण्याचं मोल ठरे. फसवणूक जितकी बेमालूम, तितकं नाणं भारी!

एका चारमिनारछाप रुपयावर मात्र घोडं अडलं. आप्पा म्हणत खोटा, कासिमसाहेब म्हणत अस्सल. कसोटीच्या दगडावर घासला असता तर निकाल लागला असता, पण तसं करायचं नाही अशी दोघांची शपथ. नुसतं पाहायचं, वाजवायचं आणि भांडायचं. सोळा वर्षं हेच चाललं होतं.

मग हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठी मुलूख मुंबईकडे गेला आणि त्याच्या मागोमाग माझी कारकुनी, आणि सगळं घर, औरंगाबादला जायचं ठरलं. गल्लीत रोज कुणाचं ना कुणाचं बिऱ्हाड हलत होतं. आप्पा भंगारवाल्यांकडे जाईनासे झाले. शेवटच्या शुक्रवारी तो रुपया कासिमसाहेबांच्या हाती द्यायचा आणि भांडण पत्रांतून चालू ठेवायचं, एवढाच त्यांना आधार उरला होता. मला त्यांचं फार वाईट वाटे.

आणि वाईट वाटलं की मी काहीतरी करतो. हा माझा जुना दोष!

भेट द्यायची वस्तू अशी काळवंडलेली कशी द्यायची? पाहुणे येणार म्हटलं की देवांपासून तांब्यापर्यंत सगळं चिंच-राखेनं घासायची आमच्या घरची रीत. शुक्रवारी सकाळी मी रुपया घेऊन मोरीत बसलो.

"अहो, आप्पांना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"विचारलं तर गंमत काय राहिली?"

नारळाच्या शेंडीनं मी घासला, घासला... आधी रुपया चमकला. मग गुलाबी झाला. मग लाल! चांदीचा मुलामा मोरीतून वाहून गेला आणि हातात तांब्याची चकती राहिली. (चारमिनारचेही दोनच मिनार उरले होते.)

दुपारी दोघं त्या चकतीसमोर बसले. सोळा वर्षांचं भांडण आप्पा जिंकले होते, आणि त्यांचा चेहरा मात्र सुतक आल्यासारखा. चहावर साय धरली तरी कुणी कप उचलेना.

"हरलात की, कासिमसाहेब," आप्पा कसंबसं म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

कासिमसाहेबांनी चकती उलटसुलट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि गरजले, "ये वो सिक्का नइंच है, आप्पासाब! तुम्हारा बेटा बदल दिया! अस्सल बेचको ये रख दिया!"

"चाचा, देवाशपथ सांगतो..."

"तरीच!" आप्पा एकदम ताठ बसले. "मलाही सकाळपासून शंका होती! पण यानं विकला तो खोटाच."

"अस्सल था!"

"खोटा!"

दोघांनी गार चहा एका घोटात संपवला. मी ओले हात घेऊन उभाच.

पुढे नऊ वर्षं पत्रं चालली. आप्पांची नजर अधू झाल्यावर ती मला लिहावी लागली. 'आमचा चोर अजून कबूल होत नाही' हे वाक्य मी माझ्या सुरेख उर्दू अक्षरात निदान शंभर वेळा लिहिलं आहे.

आप्पा गेले. कासिमसाहेबांना कळवताना मी खाली लिहिलं, "चाचा, तुमचंच खरं. रुपया अस्सल होता. मीच विकला." म्हाताऱ्याला तेवढंच समाधान! (पुन्हा वाईट वाटलं होतं ना.)

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. अक्षर कापरं. "बेटा, तो रुपया खोटा आहे हे मला पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं. तसं म्हटलं असतं, तर दुसऱ्या शुक्रवारी कोणत्या निमित्तानं आलो असतो? आणि आता तू हे काय लिहितोस?"

माझं खोटं त्यांनी हैदराबादेत बसल्या जागी ओळखलं. चिंचसुद्धा लागली नाही!