भिंतीपलीकडे गेलेल्या अळ्या

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बावीस वर्षं स्वयंपाक करताना ताईंना एकच गोष्ट सलायची. रोज दोन पिंपं भरून सालं आणि उष्टं कचऱ्यात जायचं. निवृत्त होताच त्यांनी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि घरामागच्या शेडमध्ये एका काळ्या, लांबट माशीच्या अळ्या पाळायला घेतल्या. ही माशी चावत नाही, ताटावर घोंगावत नाही. तिच्या अळ्या मात्र उष्ट्याचा फडशा पाडून पंधरा दिवसांत गुबगुबीत होतात. कोंबड्यांना, तळ्यातल्या माशांना तर ती मेजवानीच.

"लोक निवृत्तीनंतर कुत्रं पाळतात," बस चालवणारा नवरा कपाळाला हात लावत म्हणाला.

"कुत्र्याला फिरवायला न्यावं लागतं. या आपल्या जागच्या जागी बसून जेवतात."

हे म्हणून आठवडा झाला नसेल. ताईंनी ट्रे धुतले, कडा ओल्याच ठेवल्या. कोरड्या कडेवरून अळीला चढता येत नाही, पण ओल मिळाली की ती सुसाट सुटते. दुपारी शेडमध्ये पाहतात तो ट्रे रिकामे! भिंतीखालच्या फटीतून सगळी पलटण शेजारच्या अंगणात गेली होती.

शेजारी म्हणजे गणिताचे मास्तर. ताईंच्या झाडाचं पान अंगणात पडलं तरी चिठ्ठी धाडणारे. ताई केरसुणी, सुपली आणि माफीची चार वाक्यं घेऊन धावल्या.

मास्तर अंगणात उकिडवे बसले होते. समोर त्यांच्या दिवंगत पत्नीची चार बदकं अळ्यांवर तुटून पडली होती.

"मास्तर, चूक झाली, मी आत्ता—"

"श्श!" मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. "ते पांढरं बघा. आठ दिवस दाण्याला शिवलं नव्हतं. मला वाटलं, आमच्या हिची हीपण आठवण चालली." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग एकदम मास्तरी आवाजात विचारलं, "अजून आहेत का?"

ताईंना हसू आवरेना. केरसुणी तशीच हातात धरून त्या पायरीवर बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर सकाळी हातगाडी घेऊन कॅन्टीनमधून सालं आणू लागले. कुठल्या सालीवर अळी किती वाढते याचा तक्ता त्यांनी शेडमध्ये लावला. पपईवर फुगते, कांद्याला नाक मुरडते! आजूबाजूचे कोंबडीवाले डबे घेऊन यायला लागले. आता मास्तरांच्या चिठ्ठ्या येतात, पण "उद्या जास्त अळ्या ठेवा" अशा.

परवा प्रशिक्षण देणाऱ्या बाई भेटायला आल्या, तेव्हा त्यांनी माणसांच्या खाण्यासाठी स्वच्छ खाद्यावर पाळलेल्या रातकिड्यांची पुडी आणली. खरपूस भाजलेले. सगळे एकमेकांची तोंडं पाहू लागले. शेवटी मास्तरांनी एक उचलला, डोळे मिटून चावला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले, आणि दुसरा घेतला.

ताईंनी मीठ-तिखट भुरभुरवलं. नवऱ्याने आधी आढेवेढे घेतले, आणि मग उरलेली पुडी डेपोतल्या मंडळींना द्यायची म्हणून खिशात घातली. ती डेपोपर्यंत काही पोचली नाही.