बिनपडद्याचा कॉम्प्युटर

मी परभणीत एका कॉलेजात इतिहास शिकवायचो. लहानपणी गोवरात डोळे गेले, त्यामुळे पुस्तकं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय होती. लग्नानंतर हे काम बायकोकडे आलं. ती राणीसावरगावची, सातवी शिकलेली. मराठी घडाघडा वाचायची. इंग्रजीची मात्र तिला नुसती अक्षरं यायची. मग ती एकेक अक्षर उच्चारायची, मी मनात शब्द जुळवायचो आणि ब्रेलमध्ये टोचून घ्यायचो. एका पानाला दुपार जायची. भुईमुगाच्या शेंगा फोडाव्यात तशी ती अक्षरं सुटी करून माझ्यापुढं टाकायची. आत काय निघालं, ते तिनं कधी विचारलं नाही. मीही सांगत बसलो नाही.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझा अंधशाळेतला एक मित्र मुंबईत नोकरीला होता. त्यानं त्याचा जुना कॉम्प्युटर मला द्यायचं ठरवलं आणि स्वतःच रेल्वेनं घेऊन आला. सोबत विटेएवढा एक डबा होता. कॉम्प्युटरवर जे उमटेल ते हा डबा बोलून दाखवायचा. पडदा त्यानं आणलाच नव्हता.

"ओझं कशाला वाहायचं?" तो म्हणाला. "आपल्याला काय दिसणार आहे त्यात?"

दोन दिवस राहून त्यानं मला सगळं शिकवलं. बटण दाबलं की आत घरघर व्हायची, फ्लॉपी कुरकुरायची आणि मग डबा सपाट, नाकातल्या आवाजात इंग्रजी बोलू लागायचा. अक्षर दाबलं की अक्षर सांगायचा, शब्द संपवून मोकळी जागा सोडली की अख्खा शब्द. कुठं काय लिहिलंय ते मागं जाऊन पुन्हा ऐकता यायचं. ब्रेलमध्ये टोचलेलं पान असं कधी बोललं नव्हतं.

शेजारी एक मास्तर राहायचे. ते बघायला आले.

"सर, टीव्ही कुठाय ह्याचा?"

"नाही त्याला टीव्ही."

"मग चालू हाय का बंद, कळायचं कसं?"

मी एक ओळ लिहून ऐकवली. मास्तर म्हणाले, "टेपरेकॉर्डर ठेवला असंल मागं," आणि टेबलाखाली वाकून खरंच बघून आले.

बायकोला हे प्रकरण फारसं आवडलं नव्हतं. "आता हेच वाचंल सगळं," ती म्हणाली. तसं काही नव्हतं. छापलेलं पुस्तक त्या डब्याला कुठून दिसणार? अक्षरं तिनंच सांगायची होती. फरक इतकाच की मी टोचण्याऐवजी टाइप करायचो आणि शब्द डबा मोठ्यानं म्हणायचा. म्हणजे आता तिलाही ऐकू यायचा.

युरोपच्या इतिहासाचं पुस्तक चाललं होतं. ती म्हणाली, "के, एन, आय, जी, एच, टी." मी टाइप केलं. डबा म्हणाला, "नाइट."

ती थांबली. "अवो, ह्यात के कुठं गेला?"

"तो म्हणत नाहीत."

"मग लिव्हायचा कामून? आन जी? एच?"

"तेही म्हणत नाहीत."

"लयच लबाड भाषा हाय की ही. नाइट मनजे रात ना?"

"ती वेगळी. हा सरदार."

त्या दिवशी पान अर्धंच झालं. पुढच्या दिवसांत आमची गती आणखी घसरली. प्रत्येक शब्दाला ती विचारायची, मनजे काय? नामांतराच्या वेळी गाव तंग होतं, कॉलेज बंद होतं, बाहेर पडायची सोय नव्हती. त्या दिवसांत आम्ही टेबलापाशीच असायचो. मला नोट्स पुऱ्या करायच्या होत्या. तिला शब्द हवे होते. शेवटी ठरलं की आधी एक पान माझं, मग तिला हवं ते.

कॉलेज सुरू झाल्यावर एकदा दुपारी लवकर घरी आलो. अंगणातच डब्याचा आवाज ऐकू आला. ती एकटीच बसून एका बोटानं बटणं शोधत होती. पडदा नसल्यानं डोळे असूनही तिला माझ्यासारखंच कानानं काम करावं लागत होतं. अक्षर चुकलं की डबा भलतंच काही म्हणायचा आणि ती "न्हाई न्हाई" म्हणत पुन्हा सुरू करायची. खोकल्याच्या औषधाची बाटली तिनं समोर ठेवली होती.

"शेक वेल बिफोर यूज," डबा म्हणाला.

"मनजे?" तिनं मला विचारलं.

"घ्यायच्या आधी चांगलं हलवायचं."

"आगं बया! आन मी इतकी वर्षं न हलवताच देत होते की तुमाला."

"म्हणूनच खोकला जात नसेल," मी म्हणालो. ती हसली नाही. तिनं बाटली हलवली, चमचाभर औषध मला दिलं आणि पुन्हा बटणांकडं वळली.

काही महिन्यांनी ती म्हणाली, "मी दहावीला बाहेरून बसू का?"

"बस की. गणित जमेल?"

"ते डबा न्हाई शिकवणार. मास्तरला इचारते."

मास्तरांनी शिकवलं. पहिल्या खेपेला गणितात गेली, इंग्रजीत पास झाली. दुसऱ्या खेपेला गणितही सुटलं. निकालाच्या दिवशी तिनं पुरण घातलं आणि मास्तरांना जेवायला बोलावलं. तिला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. पण वाढताना हातातल्या बांगड्या नेहमीपेक्षा जास्त वाजत होत्या.

कॉम्प्युटर नंतर एका उन्हाळ्यात विजेच्या झटक्यानं जळाला, त्याच्याबरोबर डबाही. मित्राला कळवलं, पण दुसरा लगेच मिळण्यासारखा नव्हता. कॉलेज सुरू व्हायच्या आत मला एक इंग्रजी प्रकरण तयार करायचं होतं. मी ब्रेलची पाटी काढून बसलो. तिनं पुस्तक उघडलं आणि अक्षरं न सांगता सलग वाक्यच वाचलं. मधे दोन शब्द चुकले. ते मी दुरुस्त केले आणि पुढं वाच म्हणालो.