लाल बादलीचं सोवळं

सुमनताईच्या शोकसभेत तिचे एक जुने सहकारी उठले आणि हसत म्हणाले, "आम्ही त्यांना सोवळ्याच्या बाई म्हणायचो. माशांचंही सोवळं पाळायच्या!" खसखस पिकली. माझ्या मागे बसलेली नात्यातली एक मुलगी शेजारणीच्या कानाशी लागली, "शिवाशिव होतीच म्हणे... कामवालीला वेगळी बादली." मी ताईचा धाकटा भाऊ. तेव्हाच उठून ओरडायला हवं होतं. उठलो नाही... म्हणून हे लिहितो आहे.

ताईने लोणावळ्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर तुंगार्लीच्या घरात खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी उभी केली. समुद्र राहिला घाटाखाली. हिने मीठ कालवून तो वर आणला. आत जिवंत प्रवाळ आणि त्यांवरून फिरणारा क्रोमिस माशांचा फिकट हिरवा थवा. एक वळला की सगळे वळत. नवे मासे मात्र थेट त्यांच्यात जात नसत. मागच्या खोलीतल्या साध्या टाकीत त्यांना काही आठवडे काढावे लागत. अंगावर पांढरे ठिपके उठतात का, हे ताई रोज बघायची. एक आजारी मासा आत गेला तर अख्खा थवा जातो. नवे ठेवायची तेही सगळे एकत्र. "एकटा ठेवला की भिऊन खाणं सोडतो रे नाना," म्हणायची. "इथं निभावले की मग घरचेच."

मागच्या खोलीतल्या टाकीची जाळी वेगळी, बादली वेगळी... लाल. तिला हात लागला की दोन्ही हात कोपरापर्यंत धुवायचे, मगच मोठ्या टाकीजवळ जायचं. हा नियम मला होता, खुद्द ताईला होता आणि लोहगडवाडीहून कामाला येणाऱ्या पारूबाईलाही होता; तिला मात्र त्यामागचं कारण कुणी नीट सांगितलं नव्हतं. पारूबाई आणि ताई एका टेबलाशी जेवायच्या, एकमेकींच्या ताटातली चटणी उचलायच्या. हे सांगायला त्या सभेत एकाचीही जीभ उचलली नाही. सोवळं म्हणे!

तो शब्द माझा. एका दिवाळीत नातेवाईक, ताईचे शाळेतले सहकारी, सगळे जेवायला बसलो होतो. मागच्या दारात लाल बादली पालथी घातलेली. मी म्हणालो, "जपून रे, या घरात माशांनासुद्धा सोवळं आहे. ती बघा बाटलेली बादली!" सगळे हसले, ताईही. पापड वाढणारी पारूबाई तेवढी हसली नाही.

त्यानंतर ती आलीच नाही. ताईने निरोप धाडले; गुडघे दुखतात, असं उत्तर यायचं. पुढे एकदा लोहगडाच्या वाटेवर पारूबाईच्या सुनेच्या टपरीत मी भजी खात होतो. पारूबाई समोर येऊन म्हणाली, "भाऊ, ती बाटल्याली बादली माज्यापायी हुती, व्हय ना?" एका वाक्यात गैरसमज फिटला असता. पण माझ्या विनोदाने हे केलं, असं कबूल करावं लागलं असतं. "तसं काही नाही हो," असं पुटपुटून मी उठलो. आणि ताई शेवटपर्यंत विचारत राहिली, "पारू का रे येत नाही? माझं काही चुकलं का?" मी सांगायचो, "म्हातारी झाली गं ती पण."

सभेच्या दुसऱ्या दिवशी वाडीवर जाऊन सगळं सांगितलं. पारूबाईने ऐकून घेतलं. "म्हंजी माशांच्या रोगापायी बादली येगळी. आन् तुमास्नी तवाच ठावं हुतं?"

"हो."

"ताई इचारायच्या माजं?"

"शेवटपर्यंत."

"लय शिकल्यालं मानूस तुमी..." एवढं बोलून ती आत गेली. मला वाटलं, संपलं. पण पायांत चपला घालून बाहेर आली. "चला. मासं तरी बघू द्या."

घरात शिरल्यावर ती दिवाणखान्याकडे न जाता थेट मागच्या खोलीत गेली. लाल बादली कोपऱ्यात तशीच होती. तिने ती दोन्ही हातांनी उचलली, निरखली आणि माझ्या हातात दिली.

"आता हात धुवाया लागत्याल न्हवं?"

"लागतील."

बाहेर दिवाणखान्यातल्या टाकीत थवा वळताना दिसत होता. पारूबाईने नळ सोडला, आणि बाजूला सरकली.

"आदी तुमी धुवा, भाऊ."