भिमाबाईंच्या घरातली बाहेरची

"उंबरा वलांडला, बाहेरपणा सांडला."

तेरच्या भिमाबाईंच्या तोंडात हे वाक्य कायमचं वस्तीला होतं. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन कासारीण दारात आली की हे वाक्य. घोंगड्या विकणारा दमून पायरीवर टेकला की हे. डोस पाजायला आलेल्या नर्सबाईनं "आत येऊ का?" विचारलं की हेच. आधी पाण्याचा तांब्या पुढं यायचा, मग वाक्य, आणि नाव-गाव सगळ्यात शेवटी. कधी कधी नाव-गाव विचारायचं राहूनही जायचं.

गावचा पोलीस पाटील कोंडीराम याला ते वाक्य ऐकलं की चुळबूळ व्हायची. तळपायात बारीक काटा मोडावा, तो दिसू नये आणि निघूही नये, तसं. एक तर त्याचं कामच बाहेरच्यांचं. गावात नवं माणूस कोण आलं, कुणाकडं उतरलं, किती दिवस राहणार, हे ठाण्याला कळवायचं. आणि दुसरं कारण त्याच्या घरातलं होतं. भिमाबाईंची आई मोळी विकायची. वेशीच्या अलीकडं उभी राहायची, आणि आतून कुणीतरी ओरडायचं, "बाहेरची आलीया, पाणी वरनं घाला." पदर धरून उभी असलेली लहानगी भिमा ओंजळ धरायची. धर्म बदलला होता, घरातल्या तसबिरी बदलल्या होत्या, पण हाक बदलली नव्हती. ओरडणाऱ्या बायकांत कोंडीरामची आजी होती. भिमाबाईंनी हे त्याला कधी सांगितलं नाही. आजीनंच सांगितलं होतं, म्हातारपणी, हसत हसत.

पुढं वेस पडली. तिचे दगड ज्याला लागले त्यानं नेले. भिमाबाईंनी बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली, मग अंगणवाडीत मदतनीस म्हणून गावाच्या दोन पिढ्यांची पोरं भरवली. त्यात कोंडीरामची पोरंही आली. नवरा आबाराव लवकर गेला. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, नात क्षमा विद्यापीठात शिकायला गेली. एवढ्या सगळ्यात त्यांनी कुणालाही 'बाहेरचा' म्हटलं नाही. शिवी देतील, पण हा शब्द देणार नाहीत.

टाळेबंदीत कोंडीरामनं गावाच्या रस्त्यावर बाभळीचे काटे टाकून घेतले होते. वीटभट्टीवरचं एक कुटुंब तेलंगणाकडं पायी निघालेलं. भिमाबाईंनी काठीनं काटे सारले आणि त्यांना घरी नेलं. कोंडीराम धावत गेला, तोंडाला रुमाल बांधून लांब उभा राहिला.

"मावशी, बाहेरची मानसं घेऊ नका गावात. वरून हुकूम हाय."

"मग मला बी टाका बाहेर, पाटील. आमास्नी सवय हाय."

त्यानं काटे परत ओढले नाहीत.

अशा घरात दिलिनी आली. ती श्रीलंकेची. एका वर्षासाठी क्षमाच्या विद्यापीठात शिकायला आलेली, क्षमाच्याच खोलीत राहणारी. तेरच्या टेकाडांतून जुन्या विटा निघतात, खापरं निघतात, मणी निघतात. त्या विटांचा तिला अभ्यास करायचा होता. विटेत भाताचं तूस मिसळलेलं दिसलं की ती अशी हरखायची, की जणू माहेरचं कुणी भेटलं. पोरगी सावळी, केस लांब, अंगावर पंजाबी ड्रेस. मराठी क्षमाकडून शिकलेली, म्हणून 'लई' आणि 'न्हाय' सकट. बाजारात लोक तिला शेजारच्या लोहारा तालुक्यातली समजायचे.

परदेशी विद्यार्थ्याचं सगळं सरकारला ठाऊक असावं लागतं. कुठं शिकतो, कुठं राहतो, जागा बदलली तर नवी जागा कोणती. क्षमानं वसतिगृहात बसून फोनवरच ते भरलं: मुक्काम तेर, घरमालकीण भिमाबाई. आता पोलिसांनी एकदा येऊन, पोरगी खरंच तिथं राहते का, एवढंच बघायचं होतं.

वीरप्पा नावाचा शिपाई आला. उमरग्याकडचा, नुकताच बदलून आलेला. रस्ता दाखवायला कोंडीराम बरोबर होता. तुरी बडवून झाल्या होत्या. अंगणात तीन-चार बायका सुपानं तूर पाखडत होत्या, आणि धुळीसाठी ओढणी तोंडाला गुंडाळून दिलिनी त्यांच्यातच बसली होती. वीरप्पानं कागद उघडला. श्रीलंकेचं नाव, मालगाडीएवढं लांब.

"हेराथ मुदि... मुदियान्... जाऊ द्या." त्यानं कागदाची घडी घातली. त्याची नजर एखादी गोरी बाई शोधत होती. "आजी, तुमच्या घरात बाहेरचं कुणी राहतंय का?"

भिमाबाईंचं सूप थांबलं.

"बाहेरचं? न्हाय बाबा. माज्या घरात बाहेरचं कुणी न्हाय."

"नक्की?"

"समदी घरचीच हाव आमी."

कोंडीरामनं दिलिनीकडं पाहिलं. तिनं मान इतकी खाली घातली होती, की हनुवटी गळ्याला टेकली होती. शब्द त्याच्या जिभेवर आला. ही काय बाहेरची, एवढंच म्हणायचं होतं. पण या अंगणात, या बाईसमोर, आपल्या तोंडानं? आपल्या आजीचा वेशीवरचा आवाज आपल्याच घशातून निघाल्यासारखा होईल, असं त्याला वाटलं. तेवढ्यात वीरप्पाचा फोन वाजला, कुठंतरी ट्रॅक्टर उलटला होता. "येतो पाटील," म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

संध्याकाळी फोन करून सांगू, असं कोंडीरामनं ठरवलं. संध्याकाळी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. शिपायाला काय सांगायचं, तुमच्यासमोर गप्प बसलो म्हणून? दुसऱ्या दिवशी शेतात पाणी सोडलं आणि बारं मोडून ते पुढच्या वाफ्यात वळवायचं विसरला, वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलं. बायको म्हणाली, "कुनाशी भांडून आलाव का?" तो चप्पल घालून बाहेर पडला, भिमाबाईंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, आणि तंबाखू मळून परत आला. असं बऱ्याचदा झालं.

मग दिलिनीला विद्यापीठातल्या मॅडमचा फोन आला. विद्यार्थिनी कळवलेल्या पत्त्यावर राहत नाही, असं पोलिसांचं म्हणणं आलं होतं. शुक्रवारच्या आत घरमालकिणीसह धाराशिवच्या कचेरीत हजर राहून खुलासा करायचा. खुलासा पटला नाही, तर इथं राहायची परवानगी रद्द, अभ्यास अर्धा सोडून मायदेशी परत.

हे कानावर आलं तसा कोंडीराम भिमाबाईंकडं गेला, तेव्हा दिलिनीची बॅग भरून उंबऱ्याच्या आत ठेवलेली होती. ती विटांची चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळत होती. भिमाबाई भाकरी थापत होत्या.

"या पाटील. पानी घ्या," त्या म्हणाल्या. "एक गंमत आयका. त्या दिवशी तुमच्या शिपायानं बाहेरचं कुणी हाय का इचारलं, तर ह्या पोरीला काय वाटलं ठावं हाय का? क्षमीनं तिला हास्टेलात शिकिवलेलं, बाईची पाळी आली की म्हनायचं, बाहेरची झाली. हिला वाटलं पोलीस त्येच इचारायला आलाय."

"आजी," दिलिनी कळवळून म्हणाली.

"म्हनून तर मान घालून बसली. म्हनती कशी, भारतात पोलिसांना ह्ये बी सांगावं लागतं का?" भिमाबाई हसल्या. तव्यावरची भाकरी उलटली आणि हसू तिथंच संपलं. "एक शबूद. तिघांचे तीन अर्थ. तुमाला तर तिन्ही ठावं हुतं, पाटील."

कोंडीराम पाणी प्यायला. "उद्या म्या येतो संगं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिघं एसटीनं धाराशिवला गेले. कचेरीतल्या फौजदार बाई तरुण होत्या, बोलायला सरळ. त्यांनी दिलिनीचा पासपोर्ट पाहिला, चेहरा पाहिला, आणि खुर्ची भिमाबाईंकडं सरकवली.

"आजी, ही मुलगी तुमच्याकडं राहते?"

"राहती."

"मग आमच्या शिपायाला नाही का म्हणालात?"

"तसं म्या म्हनलेच न्हाय. बाहेरचं कुणी हाय का, आसं त्यानं इचारलं. बाहेरचं न्हाय म्हनले."

"पण ही बाहेरचीच ना? श्रीलंकेची आहे."

"कुठलीबी आसू द्या. माज्या ताटात जेवती."

टंकलेखन करणारा कारकून हसला. फौजदार बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे बघा आजी. घरचीच म्हणून लिहिलं तर मला हिची नोंद ठेवता येत नाही. नोंद नसली तर हिला इथं राहता येत नाही. तुमच्या नावावर एक जबाब आधीच गेलाय, बाहेरचं कुणी नाही म्हणून. तो चुकीचा होता, हे तुमच्याच तोंडून यायला पाहिजे. बाहेरची म्हणालात, तरच ती तुमच्या घरात राहील."

कोंडीराम पुढं झाला. "मॅडम, म्या पोलीस पाटील. मला ठावं हुतं. शिपायाला म्या सांगाया पायजे हुतं. माज्या नावानं लिहा काय लिहायचं ते."

"तुमचं मी वेगळं बघते, पाटील. जबाब घरमालकाचाच लागतो."

तो मागं सरला. कुठं उभं राहावं ते त्याला कळेना. भिंतीला टेकला, पुन्हा सरळ झाला.

"म्या म्हनले की ऱ्हाईल का?" भिमाबाईंनी विचारलं.

"शिक्षण संपेपर्यंत राहील. जागा बदलली तर कळवायचं, बस."

दिलिनीनं त्यांचा हात धरला. ती शब्दाचा तिसरा अर्थ कालच शिकली होती, वेशीचा. भिमाबाईंनीच भाकरी खाता खाता सांगितला होता. "आजी, नका म्हणू. म्या जाते परत."

"गप बस. विटा अर्ध्या टाकून जातीस व्हय?" भिमाबाईंनी हात सोडवून घेतला आणि खुर्चीवरून उठल्या. "लिव्हा. माज्या घरात एक बाहेरची राहती."

पंख्याच्या घरघरीत कारकुनाला नीट ऐकू आलं नाही. बोटं कळफलकावर ठेवून तो म्हणाला, "काय आजी? परत सांगा."

भिमाबाईंनी पदर खांद्यावर ओढला.

"माज्या घरात," त्या म्हणाल्या, एकेक शब्द वेगळा ठेवत, "बाहेरची राहती."

कळफलक वाजत राहिला. सही येत असूनही त्यांनी अंगठा पुढं केला. फौजदार बाईंनी सही मागितली, तेव्हा सहीही केली. दिलिनीच्या कागदावर शिक्का पडला.

येताना एसटीत दिलिनी खिडकीशी बसली, मध्ये भिमाबाई. कोंडीराम पलीकडच्या बाकावर. त्यानं स्टँडवर केळी घेतली होती, ती मांडीवर तशीच राहिली. ढोकीच्या पुढं दिलिनीनं भिमाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवलं. भिमाबाईंनी खांदा हलवला नाही, पण हात वर येऊन तिच्या डोक्यावर पडला नाही. रोज पडायचा.

तेरला उतरल्यावर त्यांनी कमरेची किल्ली काढून दिलिनीच्या हातात दिली.

"कुलूप काढ. चूल पेटिव. पीठ डब्यात हाय."

"आणि तुम्ही, आजी?"

कोंडीराम म्हणाला, "मावशी, माज्याच्यानं..."

"पाटील, आता ऱ्हाऊ द्या. बोलायची येळ हुती तवा तुमाला बोलाया झालं न्हाय. मला आज दोनदा बोलाया लागलं."

आणि त्या निघाल्या. घराची वाट डावीकडं होती. त्या उजवीकडं वळल्या, जिथं पूर्वी वेस होती तिथून गावाबाहेर नदीकडं जाणाऱ्या गाडीवाटेला. त्यांच्या चालीला कधी नव्हे ती घाई होती. चपलेखालचा फुफाटा घोट्यापर्यंत उडत होता. दिलिनी त्यांच्यामागं दोन पावलं गेली, थांबून तिनं कोंडीरामकडं पाहिलं. त्यानं तिला जाऊ नको म्हणायला हात उचलला. पण नको म्हणणारे आपण कोण, हे त्याला कळेना, म्हणून तो हात त्यानं तसाच खाली आणला.

चहाच्या टपरीवरच्या अमरनाथनं विचारलं, "पाटील, म्हातारी ह्या उन्हाची कुठं निघाली?"

ज्वारी पोटऱ्यात आली होती, वाट तिच्यातून जात होती. आधी भिमाबाईंचं लुगडं दिसेनासं झालं, मग पांढरं डोकं तेवढं पात्यांच्या वर थोडा वेळ पुढं सरकत राहिलं. किल्ली मुठीत धरून दिलिनी पाहत होती. तिच्या चार हात मागं कोंडीराम पाहत होता.